फोनवरून दिलेली पाण्याची पाळी

आमच्या गच्चीवर ३४ कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालण्याचे काम अनेक वर्षे आईने केले आणि ते तिने कधी घड्याळ लावून केले नाही. ती कुंडीजवळ जायची, मातीत बोट दोन पेरे आत खुपसायची, कुंडीची कड धरून ती जराशी उचलून पाहायची आणि मग तांब्याभर पाणी घालायची किंवा काही न घालता पुढच्या कुंडीकडे जायची. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि गच्चीचा जिना तिला चढवेनासा झाला, तेव्हा हे काम माझ्याकडे आले. मात्र नोकरीमुळे महिन्यातले आठ-दहा दिवस मी घराबाहेर असते. म्हणून फोनवरच्या अ‍ॅपने चालणारी ठिबक यंत्रणा बसवायचे मी ठरवले. ती निर्धास्तपणे सोपवून जावे इतकी भरवशाची व्हायला १४ महिने लागले. त्या १४ महिन्यांत जे करावे लागले, त्यातले फारच थोडे साहित्याच्या खोक्यांवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकांत लिहिलेले होते, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात मी उलट्या टोकाकडून केली. आधी नियंत्रक (ठरल्या वेळी पाणी सुरू-बंद करणारी पेटी), त्याचे अ‍ॅप आणि तीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या इशाऱ्यावर उघडणाऱ्या झडपा) घेतले आणि पाइप, गाळणी, कुंडीत थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर यांचा विचार नंतर केला. अ‍ॅप फोनवर उतरवून खाते उघडण्यास काही मिनिटे लागली. नियंत्रक घरच्या वाय-फायला जोडताना मात्र संध्याकाळ गेली, कारण अशी बहुतेक उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतात आणि आमचा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत होता. जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्‌झवर जायचा आणि उपकरण त्याला सापडायचे नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिल्यावर काम लगेच झाले. गच्चीचा स्लॅब मध्ये येत असल्याने सिग्नल क्षीण होता. नियंत्रकाची पेटी जिन्याच्या माथ्यावरच्या भिंतीवर हलवल्यावर तोही प्रश्न मिटला. विजेचा अ‍ॅडाप्टर घरात ठेवला, वर फक्त कमी व्होल्टेजची तार नेली आणि ती पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते, पेटीत शिरत नाही.

एवढे झाल्यावर मी अ‍ॅपमधले बटण दाबले. व्हॉल्व्हमधून टक असा स्वच्छ आवाज आला, अ‍ॅपवर 'सुरू' अशी अक्षरे उमटली आणि ड्रिपरमधून पाण्याचा थेंबही आला नाही.

कारण समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. बागेसाठी मिळणारे बहुतेक सोलेनॉइड व्हॉल्व्ह पडद्याचे असतात. विजेने आतला लहानसा दांडा उचलला जातो, त्यामुळे पडद्याच्या वरच्या बाजूचे पाणी एका बारीक छिद्रातून निघून जाते आणि खालच्या पाण्याचा दाब पडदा उचलून वाट मोकळी करतो. म्हणजे वीज केवळ इशारा देते, झडप उघडण्याचे खरे काम पाण्याचा दाबच करतो. आमची टाकी गच्चीच्या पातळीपासून २.५ मीटर उंच आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो, त्या हिशोबाने माझ्याकडे जेमतेम पाव बार दाब होता, आणि व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात किमान अर्धा बार लागतो असे छापलेले होते. ती ओळ मी खरेदीपूर्वी वाचलेली नव्हती. ज्यांची बाग टाकीच्या उतारावर भिजणार आहे, त्यांनी अ‍ॅप निवडण्याआधी टेपने टाकीची उंची मोजावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या वेळी मला सुचलेला उपाय मोटरवर फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा होता. त्यात लहान मोटर चेंडूसारखा भाग पाव वळसा फिरवते, त्यामुळे पाण्याला दाब असो वा नसो, वाट उघडते. तीन सोलेनॉइड बाजूला ठेवून एकच बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि ३१ कुंड्या एका पाइपवर घेतल्या. उरलेल्या तीन कुंड्यांत कोरफड होती; तिला रोजचे पाणी मानवत नाही, म्हणून ती यंत्रणेबाहेर ठेवली. आता पाणी आले आणि ते पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही. सगळ्या कुंड्यांत एका वेळी थेंब पडू लागले होते आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून अर्धा तास ते पाहत होते.

आईला फोनवर चित्रफीत पाठवली. तिने ती दोनदा पाहिली आणि विचारले, "सगळ्यांना सारखंच पडतंय का गं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "दिसायला सारखं दिसतंय. पण कडेच्या जास्वंदीखाली वाटी ठेवून बघ एकदा."

दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या मिळून आठ ड्रिपरखाली प्लॅस्टिकचे सारखे पेले ठेवले आणि १० मिनिटे पाणी सोडले. ड्रिपर ताशी ४ लिटरचे होते, म्हणजे १० मिनिटांत प्रत्येकाखाली ६६७ मिलिलिटर पाणी साठायला हवे होते. पहिल्या पेल्यात ३४० मिलिलिटर होते, कडेच्या जास्वंदीखालच्या पेल्यात १९०. साध्या ड्रिपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ड्रिपरवर छापलेला आकडा १ बार दाबाचा असतो. दाब पाव झाला की प्रवाह निम्मा होतो, आणि पुढे पाइपमधल्या घर्षणाने तो आणखी घटतो. मी अ‍ॅपमध्ये मिनिटे भरत होते आणि मनात लिटर धरत होते. त्या दोहोंमधला संबंध मी एकदाही तपासलेला नव्हता. पेल्यांची ही चाचणी करायला एक सकाळ लागते आणि ती केल्याशिवाय वेळापत्रकातल्या कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही.

कमी पाणी पडणाऱ्या कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर देऊन मी तात्पुरती सोय केली आणि तीन महिने ती बरी चालली. त्यानंतर जे घडले त्याने माझा सगळा विचार बदलला.

मी बाहेरगावी होते. पहाटे ५:३० ला पाणी सुरू झाले आणि पाच-सात मिनिटांत वीज गेली. मोटरवर चालणारा साधा बॉल व्हॉल्व्ह वीज गेली की ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत थांबतो. त्याला बंद व्हायलाही वीज लागते. तो उघडा राहिला. वीज परत आली तेव्हा नियंत्रक नव्याने सुरू झाला आणि पाळीची वेळ टळून गेलेली असल्याने त्याने 'बंद' ही स्थिती गृहीत धरली. बंद करण्याचा आदेश त्याने पाठवलाच नाही, कारण त्याच्या लेखी व्हॉल्व्ह बंदच होता. ठिबकला आवाज नसतो. ५०० लिटरची टाकी दिवसभर थेंबाथेंबाने रिकामी होत राहिली आणि संध्याकाळी आईचा फोन आला, "अगं, स्वयंपाकघरात पाणी येत नाहीये. वर काही चालू राहिलंय का बघ." मी अ‍ॅप उघडले. तिथे हिरव्या अक्षरांत 'बंद' असे लिहिलेले होते. मी आईला सांगितले की वर सगळे बंद आहे, दुसरीकडे कुठेतरी गळती असेल. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि टाकी पुन्हा भरायला पंप लावला, आणि ते पाणीही कुंड्यांमधून वाहून गेले.

तिसऱ्या दिवशी मी परतले तेव्हा गच्चीवर मातीचा गढूळ ओघळ वाळलेला होता. ज्या कुंड्यांची तळाची भोके मोकळी होती, त्या वाचल्या. त्यांच्यातले खत तेवढे धुऊन गेले होते. मिरचीच्या दोन कुंड्यांची भोके मुळांनी बुजलेली होती. त्यांतली माती काठोकाठ चिंब असूनही झाडे तहानल्यासारखी मान टाकून उभी होती. मी एक झाड उपटून पाहिले. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, बोटात धरताच त्यांची साल सुटून येत होती आणि मातीला कुजका वास होता. मुळांना श्वासासाठी हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती मिळत नाही, आणि मेलेली मुळे भोवती पाणी असूनही ते वर चढवू शकत नाहीत. ती दोन्ही झाडे गेली.

अ‍ॅपवर दिसणारी स्थिती म्हणजे अ‍ॅपने दिलेला शेवटचा आदेश असतो. प्रत्यक्ष पाण्याचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते, जोवर पाणी मोजून सांगणारे काही आपण त्याला जोडत नाही. माझ्या यंत्रणेत आदेश जाण्याची वाट होती, उत्तर येण्याची नव्हती. पुढचे सगळे काम ही वाट तयार करण्याचे होते.

पहिला बदल मी अगदी साधा केला, आणि तो अजूनही मला सर्वांत मोलाचा वाटतो. बागेची जोडणी टाकीच्या तळातून काढून मध्यावर घेतली. आता यंत्रणेत काहीही अडकले, तरी घरासाठी अर्धी टाकी पाणी राहतेच. त्याच वेळी बागेच्या पाइपवर एकदिशा झडप बसवली, कारण मी अधूनमधून ठिबकमधून विद्राव्य खत देते आणि ते पाणी उलट फिरून घरच्या वापराच्या पाण्यात मिसळणे कोणत्याही परिस्थितीत चालणार नव्हते.

दुसरा बदल म्हणजे लहान पंप. पंपामुळे दाब सव्वा ते दीड बार झाला आणि बाजूला ठेवलेले तिन्ही सोलेनॉइड पुन्हा कामाला आले. हे व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटलेले असतात आणि वीज असेपर्यंतच उघडे राहतात, म्हणजे वीज गेली की पाणी आपोआप थांबते. ज्या व्हॉल्व्हना मी निरुपयोगी ठरवले होते, त्यांच्यातच मला हवी असलेली सुरक्षितता होती. फक्त त्यांना दाब हवा होता. पुरेसा दाब मिळाल्यामुळे दाब-संतुलित ड्रिपर घेता आले. त्यांच्या आत रबराची लवचिक चकती असते, दाब वाढला की ती पाण्याची वाट आकसते आणि त्यामुळे पाइपच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखे पाणी मिळते. पुन्हा पेले मांडले तेव्हा १० मिनिटांत सर्वांत कमी ६४० आणि सर्वांत जास्त ६८० मिलिलिटर पाणी मिळाले. कडेच्या जास्वंदीखालचा पेला मी आईला खाली नेऊन दाखवला.

आता पाणी सारखे पडत होते, पण किती पडावे हा प्रश्न तसाच होता. अ‍ॅपमध्ये त्यासाठी एक 'स्मार्ट' पर्याय होता. तो तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे माती आणि पानांतून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचा, हिशोब करून पाण्याची वेळ ठरवतो. या हिशोबामागचे शास्त्र भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५६ क्रमांकाच्या सिंचनविषयक पुस्तिकेत पेनमन-मॉन्टिथ समीकरण (हवामानावरून असे उडून जाणारे पाणी काढण्याचे सूत्र) आणि प्रत्येक पिकाचा गुणांक वापरून गरज कशी काढायची हे सांगितले आहे आणि जगभर तीच पद्धत वापरली जाते. तो पर्याय सुरू केल्यावर माझ्या टोमॅटोची पाने दुपारी लुळी पडू लागली. हिशोब तपासला तेव्हा कारण सापडले. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीचे क्षेत्र सुमारे ०.०७ चौरस मीटर भरते, तेव्हा कडक उन्हाळ्यात ६ मिलिमीटर पाणी उडून जाणाऱ्या दिवशी तिच्या वाट्याला ४२० मिलिलिटर पाणी येते. परंतु टोमॅटोचा पानोळा कुंडीच्या तोंडाच्या कितीतरी बाहेर पसरलेला होता, चारही बाजूंनी वारा लागत होता आणि तापलेल्या फरशीची धग खालून येत होती. हिरवळीसाठी किंवा वाफ्यासाठी बरोबर असलेले गणित सुट्या कुंडीला तोकडे पडत होते.

तेव्हा मला आईचे कुंडी उचलून पाहणे आठवले. मी ते वजनकाट्यावर करायचे ठरवले. सकाळी कुंडीला तळातून गळेपर्यंत पाणी दिले, अर्धा तास निथळू दिले आणि वजन केले. २४ तासांनी पुन्हा वजन केले. १ ग्रॅमची घट म्हणजे १ मिलिलिटर पाणी, इतका तो सरळ हिशोब आहे. टोमॅटोची कुंडी १४.२ किलोवरून १२.९ किलोवर आली, म्हणजे एका दिवसात १.३ लिटर पाणी गेले. मिरचीचे ६५० ग्रॅम गेले, सावलीतल्या नेच्याचे १८०, कोरफडीचे केवळ ७०. ढगाळ दिवशी त्याच टोमॅटोचे ५०० ग्रॅमच कमी झाले. तीन आठवडे मी निवडक नऊ कुंड्यांची अशी नोंद ठेवली आणि त्यातून माझ्या बागेचे तीन गट आपोआप पडले. टोमॅटो, जास्वंद आणि वेलींच्या ९ कुंड्या पहिल्या व्हॉल्व्हवर घेतल्या, मिरची-वांगी आणि फुलझाडांच्या १६ दुसऱ्यावर, आणि सावलीतल्या ६ तिसऱ्यावर. पहिल्या गटाला ताशी ४ लिटरचे ड्रिपर ठेवले, बाकीच्या दोन गटांना ताशी २ लिटरचे.

शेतकरी ज्या अवस्थेला वाफसा म्हणतात, ती कुंडीतही असते. पाणी दिल्यावर जास्तीचे पाणी निचरून जाते, मातीच्या कणांना ओल धरून राहते, पोकळ्यांत हवा येते आणि माती मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो, पण बोटाच्या धक्क्याने तो फुटतो. शेतात वाफसा यायला एखादा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, कुंडीत तो अर्ध्या-पाऊण तासात येतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत सरूनही जातो. वजनाच्या नोंदींनी मला हा कालावधी आकड्यांत दाखवला. आई तोच बोटाने ओळखत होती.

पहिल्या गटाला २० मिनिटे पाणी लागते, पण ते मी सलग देत नाही. कोकोपीटमिश्रित माती एकदा चांगली वाळली की पाणी झिडकारते, मग पाणी कुंडीच्या कडेकडेने घसरून तळातून निघून जाते आणि आतला गड्डा कोरडा राहतो. म्हणून १० मिनिटे पाणी, अर्धा तास विश्रांती आणि पुन्हा १० मिनिटे पाणी असे वेळापत्रक लावले. विश्रांतीच्या वेळात दुसरा आणि तिसरा गट भिजतो. पाळी पहाटेची ठेवली, कारण त्या वेळी वारा कमी असतो आणि ऊन चढण्यापूर्वी पाणी मुळांच्या कक्षेत पोहोचलेले असते.

ओल मोजणाऱ्या संवेदकांवर मी बराच वेळ घालवला आणि त्यांच्याविषयीचे माझे मत मर्यादित स्वरूपाचे झाले आहे. सुरुवातीला घेतलेले संवेदक दोन उघड्या धातूच्या काट्यांचे होते. मातीतून वीज किती सहज वाहते यावरून ते ओल सांगतात. ओल्या मातीत सतत वीज वाहिल्याने काट्यांवरचा मुलामा काही आठवड्यांत झिजून गेला आणि आकडे भरकटले. दुसरे घेतले ते धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर चालणारे. पाण्याचा परावैद्युतांक (ही क्षमता पदार्थामुळे किती पट वाढते तो आकडा) ८० च्या आसपास असतो आणि कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५, या मोठ्या फरकावर ते काम करतात आणि त्यांचा धातू झाकलेला असल्याने टिकतात. परंतु अ‍ॅपमध्ये दिसणारी टक्केवारी मातीतल्या पाण्याची टक्केवारी नसते. संवेदक कोरड्या हवेत धरल्यावर माझ्याकडे २९०० च्या जवळचा आकडा येत होता आणि पाण्यात बुडवल्यावर १४०० च्या जवळचा. अ‍ॅपने या दोन टोकांना शून्य आणि शंभर मानले होते. माझ्या मातीत वाफसा ६० च्या आसपास दिसतो आणि पाणी देण्याची गरज ३५ च्या खाली पडते, हे मला वजनकाट्याशी ताडून ठरवावे लागले. शिवाय संवेदक रोवताना तो थोडा हलला आणि त्याच्या पात्याशेजारी हवेची फट राहिली, तर भोवतालची माती ओली असूनही तो कोरडे असल्याचे सांगतो. एकदा तसे झाले आणि अ‍ॅपने एका दिवसात तीन वेळा पाणी सोडले. तेव्हापासून संवेदकाला मी पाणी थांबवण्याचा अधिकार दिला आहे, सुरू करण्याचा नाही. ओल ६० च्या वर असेल तर त्या दिवसाची पाळी वगळली जाते. ओल कितीही कमी दिसली, तरी ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी सुटत नाही.

पावसाच्या अंदाजावरून पाळी वगळण्याची सोयही मी बंद केली. अंदाज मोठ्या परिसरासाठी असतो, आणि माझ्या काही कुंड्या छज्जाखाली आहेत. उघड्यावरच्या टोमॅटोवर पडलेले पाणीसुद्धा पानांवरून बाहेरच ओघळते आणि कुंडी कोरडी राहते. त्याऐवजी मी कुंड्यांच्या रांगेतच एक लहान पर्जन्यमापक ठेवला आहे आणि पडलेल्या पावसावरून निर्णय होतो, पडणार असलेल्या पावसावरून नाही. छज्जाखालचा गट त्यातूनही वगळलेला आहे.

इंटरनेट दोन दिवस बंद पडले तेव्हा आणखी एक उणीव कळली. पहिल्या अ‍ॅपमधले वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवर होते, पेटीत नव्हते. सर्व्हरशी संपर्क तुटला की पेटीला काय करायचे ते माहीत नव्हते. कोणतीही यंत्रणा घेतली तरी पहिल्याच आठवड्यात राउटर मुद्दाम बंद करून पाळी होते की नाही हे पाहावे. मी पुढे वेळापत्रक स्वतःच्या स्मृतीत ठेवणारा नियंत्रक घेतला. ज्यांना थोडीफार जोडाजोड जमते, त्यांच्यासाठी ओपनस्प्रिंकलरसारखे खुल्या स्वरूपाचे (ज्यांचा आज्ञासंच कोणालाही पाहता-बदलता येतो असे) नियंत्रक आहेत आणि ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपवर ईएसपीहोम हा आज्ञासंच वापरून तयार केलेली पेटी होम असिस्टंट या घरातच चालणाऱ्या नियंत्रण-प्रणालीला जोडता येते. या सर्वांत फोन हा केवळ पाहण्याचा आणि बदल करण्याचा पडदा राहतो, चालवणारा मेंदू बागेतच असतो. नवा नियंत्रक लावल्यावर वेळेचा पट्टा (घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर लावले आहे ते) तपासायला मात्र मी चुकले आणि पहाटेची पाळी चार दिवस भर उन्हात होत राहिली.

या सगळ्यात उत्तर आणणारी वाट म्हणजे प्रवाहमापक. पंपाच्या पुढे बसवलेल्या या छोट्या उपकरणात पाण्याने फिरणारे चक्र असते, त्यावर चुंबक असतो आणि प्रत्येक फेरीला चुंबक ओळखणारा हॉल संवेदक विजेचा एक ठोका देतो. माझ्या मापकाच्या कागदावर लिटरला ४५० ठोके लिहिलेले होते. १० लिटरची बादली खुणेपर्यंत भरून पाहिली तेव्हा ४२६० ठोके मोजले गेले, म्हणून अ‍ॅपमध्ये ४२६ हा आकडा भरला. आता पहिल्या गटाचे गणित असे आहे: ९ ड्रिपर, ताशी ४ लिटर, २० मिनिटे, म्हणजे १२ लिटर. ११ ते १३ च्या दरम्यानचे पाणी गेले तर सर्व ठीक आहे. १३ झाले की नियंत्रक पंप आणि व्हॉल्व्ह स्वतः बंद करतो आणि मला कळवतो. पंप सुरू होऊनही अर्ध्या मिनिटात ठोके आले नाहीत, तर टाकी रिकामी आहे किंवा पाइप निघाला आहे असे समजून पंप थांबवतो, नाहीतर तो कोरडा फिरून जळेल. आणि पाळी नसताना ठोके आले, तर ती गळती असते.

सूचनांविषयीही मला एक गोष्ट शिकायला मिळाली. आरंभी मी व्हॉल्व्ह उघडला, मिटला, ओल बदलली, सिग्नल गेला-आला अशा सगळ्यांच्या सूचना सुरू ठेवल्या होत्या. आठवड्याभरात त्या वाचणे बंद झाले. आता बिघाडाच्या सूचना येतात आणि रोज सकाळी सहा वाजून ४५ मिनिटांनी एकच ओळ येते: "पाळी झाली. १२.० / १०.७ / १.२ लिटर." ही ओळ आली नाही, तर पेटीच बंद पडली आहे, हे मला न सांगता कळते. तीच ओळ आईच्या फोनवरही जाते. उन्हाळ्यात एकदा तिचा फोन आला, "आज पहिला आकडा अकरावर आलाय. परवा साडेअकरा होता. जाळी तुंबली असेल बघ." तोवर नियंत्रकाने काही कळवलेले नव्हते, कारण ११ हा आकडा मर्यादेच्या आत होता. मी गाळणी उघडली. १२० मेशच्या (एका इंचात १२० छिद्रे असलेल्या) जाळीवर शेवाळाचा हिरवट थर बसला होता. टाकीपासून गाळणीपर्यंतचा एक तुकडा पारदर्शक नळीचा राहिला होता आणि त्यात ऊन शिरून शेवाळ वाढत होते. तो काढून काळी नळी घातली, जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली आणि दुसऱ्या दिवशी आकडा १२ वर आला. त्यानंतर मी सूचनेची मर्यादा ११.४ केली.

आता महिन्यातून एका रविवारी मी अ‍ॅपमधून पाळी थांबवते, तिन्ही पाइपांच्या शेवटच्या टोप्या काढते आणि पंप हाताने सुरू करते. आधी चहाच्या रंगाचे पाणी येते, त्यात बारीक रेती आणि चुनखडीचे पांढरे कण असतात. दीड-दोन मिनिटांत ते निवळते. टोप्या लावते, कोरफडीच्या तीन कुंड्या उचलून त्यांचे वजन हाताने पाहते, लागले तर तांब्याभर पाणी घालते आणि पाळी पुन्हा सुरू करते.